दारू सुटलेल्या माणसाची बातमी होत नाही

पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा.

पत्रकारितेची पदविका घेऊन या धंद्यात आलो त्याला बावीस वर्षं झाली. दारूच्या बातम्या कोणत्याही तालुका बातमीदाराला झोपेत लिहिता येतात. हातभट्टीवर धाड, इतका लिटर मोहसडवा नष्ट, इतक्या हजारांचा मुद्देमाल जप्त, आरोपी फरार. दारूच्या नशेत भावाने भावाला मारलं. नशेत विहिरीत पडून मृत्यू. चौकट ठरलेली असते, फक्त गावाचं नाव बदलायचं.

पण एक माणूस वीस वर्षं रोज पीत होता आणि आता अकरा वर्षं झाली, पीत नाही, ही बातमी होत नाही. तिच्यात पोलीस नाही, पंचनामा नाही, फोटो नाही. त्यामुळे वाचणाऱ्याचा असा समज होतो की दारुडे फक्त मरतात नाहीतर मारतात, सुधरत कोणी नाही.

मागच्या महिन्यात एका गावातल्या महिलांनी अवैध दारूविरोधात दिलेल्या निवेदनाची पोस्ट टाकली होती. खाली कमेंट काय? "बेवडे कधी सुधरत नसतात भाऊ." त्यावर शंभरेक लाईक. त्याच रात्री इनबॉक्समध्ये एका ताईचा मेसेज आला: "भाऊ, मालकाची दारू सोडवायची आहे. केंद्रात भरती करायला पैसे नाहीत. घरच्या घरी सुटते का?"

ताईला जे उत्तर दिलं तेच जरा सविस्तर इथे लिहितो. कारण हा प्रश्न एकट्या ताईचा नाही.

उत्तर असं: सुटते. बहुतेकांची अशीच सुटते. पण पहिल्या चार-पाच दिवसांत डॉक्टर लागू शकतो, आणि ती गोष्ट लपवली तर जीव जातो. दोन्ही वाक्यं सोबत वाचायची. एकच वाचून शेअर करू नका.

आधी आकडे. २०१९ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल आला. १० ते ७५ वयोगटातले साधारण १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यातले सुमारे २.९ कोटी दारूच्या पूर्ण आहारी गेलेले आहेत. म्हणजे प्यायल्याशिवाय ज्यांचं चालतच नाही असे. या लोकांपैकी ३८ जणांमागे एकाला काही तरी उपचार मिळतात. दवाखान्यात किंवा केंद्रात भरती होणारा तर १८० जणांमागे एक. हे देशाचे आकडे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या आपल्या सहा तालुक्यांत मानसोपचाराचे डॉक्टर किती, हे तुम्हीच बोटांवर मोजा.

मग उरलेल्या सदतीस जणांचं काय होतं? सगळे मरत नाहीत. अमेरिकेत एका मोठ्या पाहणीत, कधीकाळी दारूच्या आहारी गेलेल्या ४,४२२ लोकांची माहिती घेतली. २००५ साली तिचे निष्कर्ष छापून आले. त्यातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांनीच आयुष्यात कधी कोणते उपचार घेतले होते. पण पाहणीच्या आधीच्या वर्षात पूर्वीसारखे आहारी असलेले लोकही साधारण तेवढेच, एक चतुर्थांश होते. बाकीचे कमी-जास्त प्रमाणात बाहेर पडले होते. याचा अर्थ उपचार कामाचे नाहीत असा काढू नका. ज्यांचा आजार जास्त, त्यांना ते लागतातच. अर्थ इतकाच की "बेवडे कधी सुधरत नाहीत" हे वाक्य खोटं आहे.

आता घरचं उदाहरण. त्याला विचारूनच लिहितोय, नाव-गाव टाकायचं नाही एवढंच त्याचं म्हणणं.

माझा चुलतभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. रिसोड तालुक्यात चार एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर. विशीत प्यायला लागला तो त्रेचाळीसपर्यंत. रोजचे दोन पव्वे ठरलेले, हंगामाच्या पैशात जास्त. वहिनी दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जायची आणि मजुरी तांदळाच्या डब्यात लपवायची. डबा बदलला तरी दादाला तो सापडायचा.

दादाच्या हातात मृदंग चांगला होता. गावच्या भजनी मंडळातला जुना वादक थकला तेव्हा म्हातारे विणेकरी बाबा दादाकडे आले. उपदेश नाही, शपथ नाही. म्हणाले, "हरिपाठाले वाजवाले ये. येशीन त्या दिवशी पिऊन येऊ नको. नाही आला तं मी काही बोलणार नाही."

हरिपाठ संध्याकाळी सहा-सातला. गुत्त्यावर जायची वेळही तीच. दादा आजही सांगतो, "कठीण काय हाये, तं सहा ते आठ. हे दोन तास कोणी सांभाळले का बाकीचे बावीस तास माणूस कसाबी काढते."

पहिले तीन दिवस त्याचे हात इतके थरथरले की मृदंगावर थाप बसेना. घामाने अंगरखा भिजायचा. वहिनी रात्रभर उशाशी बसून होती. त्याला काही झालं नाही, हे नशीब. पुढे याबद्दल लिहितोच. त्या वर्षी गावच्या दिंडीबरोबर तो पंढरपूरला पायी गेला आणि माळ घालून आला.

गोष्ट इथेच संपवली तर ती कीर्तनातली गोष्ट होईल. तसं झालं नाही. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या करीला मित्रांनी ओढलं आणि तो प्यायला. माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी विणेकरी बाबा येऊन ओट्यावर बसले, चहा घेतला, पावसाचं बोलले. जाताना म्हणाले, "आज टाळकरी कमी हायेत, तू ये." त्या प्रकाराबद्दल एक शब्द नाही. दादा गेला. त्यानंतर आजपर्यंत थेंब नाही.

याला आपण सगळे "माळेचा चमत्कार" म्हणून मोकळे होतो. मी तसं म्हणणार नाही, कारण माळ घालून महिन्यात काढून ठेवणारेही मी पाहिले आहेत. मग दादाच्या बाबतीत काय झालं? हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हॅलंट यांनी शेकडो माणसांच्या आयुष्याचा कित्येक दशकं पाठपुरावा केलेल्या अभ्यासावर १९८३ साली पुस्तक लिहिलं. ज्यांची दारू टिकून सुटली, त्यांच्यात त्यांना चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. दारूच्या जागी दुसरं काही तरी लागलं. प्यायलो तर लगेच भोगावं लागेल अशी बाहेरून सतत आठवण राहिली. जुना हिशेब नसलेलं नवं, जिव्हाळ्याचं नातं मिळालं. आणि उमेद देणाऱ्या एखाद्या गटात माणूस सामील झाला.

आता आपल्या गावातली माळ पाहा. गुत्त्याच्या वेळेला हरिपाठ. गळ्यात माळ, म्हणजे अख्खं गाव राखणदार. पानटपरीवर उभं राहिलं तरी चार जण पाहतात. विणेकरी बाबांसारखा माणूस, ज्याला तुमची उधारी माहीत असूनही तो काढत नाही. आणि भजनी मंडळ. त्यात कार्तिकात पहाटे काकडा, म्हणजे रात्री लवकर झोपणं आलंच. चारही गोष्टी एका दोऱ्यात ओवलेल्या आहेत. ज्याने माळ घातली पण मंडळात गेला नाही, संध्याकाळ रिकामीच ठेवली, त्याची माळ टिकत नाही. माझ्या पाहण्यात तरी हेच आलं.

हे फक्त वारकऱ्यांचं नाही. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे सेवालाल महाराजांचं समाधिस्थान, देशभरातल्या बंजारा समाजाची काशी. नशेपासून लांब राहा, ही महाराजांची शिकवण. रामनवमीच्या यात्रेत तिथे गडासमोर दारू सोडल्याचा शब्द देणारे मला भेटले आहेत. त्यातले जे टिकले ते शब्द देऊन एकटे घरी गेले नाहीत. तांड्यात त्यांच्यासोबत अजून दोघा-तिघांनी सोडली होती.

गाडगेबाबा तर आपल्याच वऱ्हाडातले. १८७६ चा जन्म, शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि लहानग्या डेबूला घेऊन आईला माहेरचा आसरा घ्यावा लागला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातवाले दारू-मटणाच्या पंगतीची वाट पाहत होते, तेव्हा या माणसाने गोडाधोडाचं जेवण वाढलं. लोक चिडले. पण रीत मोडायची तर ती आपल्या घरच्या पंगतीत मोडावी लागते, हे त्यांना घर सोडून निघायच्या आधीपासून कळलं होतं. आपण त्यांच्या जयंतीला झाडू हातात घेऊन फोटो काढतो आणि हळदीला खंबे फोडतो.

ज्यांना देवाधर्मात मन लागत नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, लोक एए म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांना धरून बाहेर आले, तिथून ती सुरू झाली. भारतात १९५७ पासून आहे. फी नाही, डॉक्टर नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडलेली माणसं गोल बसतात आणि आपापलं सांगतात. अकोला-नागपूरसारख्या शहरांत सभा होतात. आपल्याकडचा बाजार समितीतला एक हमाल सुरुवातीला दर आठवड्याला एसटीने अकोल्याला जायचा. त्याला विचारलं, तिथे मिळते काय? म्हणाला, "तिथं मले पाहून कोणी हासत नाही, अन् कोणी कीवबी करत नाही."

पुण्याचं मुक्तांगण आपल्याला माहीत आहे. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने. तिथे डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. पण तिथेही बरे झालेले जुने रुग्णमित्रच नव्यांना सांभाळतात. म्हणजे केंद्रात जा की देवळात जा, ज्याची सुटली आहे असा माणूस सोबत लागतोच.

आता ती दुसरी बाजू. इथे नीट वाचा.

आमच्या मागच्या गल्लीत एक जण होता. मिस्त्रीकाम करायचा. मुलीचं लग्न ठरलं म्हणून त्याने एका दिवसात दारू बंद केली. सगळ्यांना आनंद. दुसऱ्या दिवशी झटका आला. तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडायला लागला, मेलेल्या बापाशी बोलायला लागला. घरच्यांना वाटलं बाहेरचं लागलं. अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे नेलं, तिथे एक दिवस गेला. चौथ्या दिवशी अकोल्याला नेताना गाडीत गेला. गावात आजही म्हणतात, दारू सोडली म्हणून मेला.

त्याला कोणतंही भूत लागलं नव्हतं. वर्षानुवर्षं रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू तिच्या हिशेबाने चाललेला असतो. ती एकदम बंद झाली की तो चवताळतो. सहा-बारा तासांत हात थरथरतात, घाम, उलट्या, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप येतो, छाती धडधडते. ही तातडीने दवाखान्यात न्यायची अवस्था आहे. तिच्यावर औषध आहे, साधं आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं. गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीत काही दिवस देऊन हळूहळू बंद करतात, बी-वन जीवनसत्त्व देतात. चार-पाच दिवसांचं काम. यात व्यसनमुक्ती केंद्राची भरती नाही, हजारोंचा खर्च नाही.

म्हणून कोणी घरीच सोडायची म्हणत असेल तर आधी हे पाहा. सकाळी उठल्यावर प्यायल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत का? आधी कधी सोडताना झटका आला होता का? कावीळ, लिव्हरचा त्रास, वय जास्त आहे का? यातलं एक जरी हो असेल तर पहिला आठवडा डॉक्टरला सांगूनच काढायचा. आणि डॉक्टरला रोज किती पितो ते खरं सांगायचं. "कधीमधी घेतात" असं सांगून पेशंटचा घात होतो.

दुसरं, पुड्या. "पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे आहेत. बायका बिचाऱ्या वरणात कालवून देतात. पुडीत काय आहे ते देणारालाही माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा शोध लागला. ते घेऊन दारू प्यायली की चेहरा लाल, उलट्या, रक्तदाब खाली, जीव घाबराघुबरा. ते घेणाऱ्याला सगळं सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून डॉक्टर देतात. न सांगता दिलं आणि तो वरून प्यायला तर जिवावर बेतू शकतं. ताई, पुडीचे पैसे वाचव.

आता पैशाचं. देशीचा १८० मिलीचा पव्वा ८० रुपये धरा. रोज दोन म्हणजे १६०. वर्षाचे ५८,४०० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८. म्हणजे जवळपास अकरा क्विंटल सोयाबीन झालं. एकरी पाच-सहा क्विंटल पिकलं तर दोन एकरांचा अख्खा हंगाम. आणि हमीभाव प्रत्यक्षात किती जणांच्या हातात पडतो ते तुम्हाला माहीत आहे. दादाच्या चार एकरांतले दोन एकर वीस वर्षं गुत्तेवाल्याच्या नावाने पिकत होते. सातबारा फक्त दादाचा होता.

सरकारचा हिशेब उलटा आहे. १० जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी रुपये जास्त मिळतील असं सांगितलं. मिळू द्या. पण प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दारू सोडणाऱ्यासाठी चार दिवसांचा एक पलंग आणि औषधं, एवढं तरी त्यातून द्या, अशी मागणी आपल्या एकाही लोकप्रतिनिधीच्या तोंडून मी ऐकलेली नाही. आडव्या बाटलीचं मतदान आहे, निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी कौल दिला तर दुकान बंद होतं. चांगलं आहे. पण दुकान बंद झालं त्या रात्री ज्याचे हात थरथरतात त्याने कुठे जायचं, हेही त्याच बैठकीत ठरलं पाहिजे.

आणि आपलं काय? दादाला दारू सोडून अकरा वर्षं झाली, तरी भांडण झालं की समोरचा अजून "बेवड्या" म्हणतो. त्याच्या पोराची सोयरीक जमवताना पाहुण्यांच्या कानात कोणी तरी ते घातलंच. हळदीला "दादा, आज एकच घ्या, आमचा मान ठेवा" म्हणणारे नातेवाईकच असतात. निवडणूक आली की ढाब्यावर जेवणावळी उठतात, आणि ज्याने नुकतीच सोडली आहे त्यालाच आधी गाडीत बसवतात. सोडणारा एकटा सोडतो, त्याला परत पाजायला मात्र गाव एकत्र येतं.

एवढं तर आपल्याला जमेल. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नका. त्याच्यासमोर जुने किस्से काढून हसू नका. संध्याकाळी सहाला त्याला कामाला बोलवा, भजनाला बोलवा, व्हॉलीबॉल खेळायला बोलवा, नुसतं शेताला चक्कर मारायला घेऊन जा. घसरला तर तिसऱ्या दिवशी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा.

दोन नंबर लिहून ठेवा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. फोन पिणाऱ्यानेच करावा असं नाही, घरचेही करू शकतात.

शेवटचं. तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी दारू सोडून वर्ष झालं असेल तर नाव-गाव न टाकता, कशाने सुटली तेवढं खाली कमेंटमध्ये लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील. त्या मेसेजवाल्या ताईसारख्या अजून कितीतरी ताया गुपचूप वाचत असतात, लाईकसुद्धा करत नाहीत. त्यांच्यासाठी लिहा.